फोटॉनपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी: ऊर्जा आणि तरंगलांबी काढण्याची रीत, पायरीपायरीने

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून पुढे पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान घेणाऱ्या मुलांना मी बरीच वर्षे संध्याकाळच्या शिकवणीत पदार्थविज्ञान शिकवत आलो आहे. प्रकाशाच्या कणरूपाचे प्रकरण आले की त्यांची गाडी अडते, आणि ती गणितामुळे अडत नाही, कारण त्यात गुणाकार-भागाकारापलीकडे फारसे काही नसते. अडचण बहुतेक वेळा शब्दांची असते. मराठी पुस्तकातून मनात बसलेला शब्द ‘ऊर्जा’, कॉलेजातल्या व्याख्यानात ऐकू येणारा ‘एनर्जी’, आणि शेजारच्या बाकावर कन्नड माध्यमातून आलेल्या मित्राच्या वहीत त्याच जागी ‘शक्ती’. मराठीत शक्ती म्हणजे पॉवर, जी आपण वॉटमध्ये मोजतो. कन्नड पुस्तकात मात्र शक्ती म्हणजे ऊर्जा, आणि पॉवरला तिथे ‘सामर्थ्य’ म्हणतात. दोन मित्र एकमेकांना एकच उदाहरण समजावून सांगताना एक ऊर्जेविषयी आणि दुसरा पॉवरविषयी बोलत राहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करतो की या लेखात ऊर्जा म्हणजे ऊर्जाच, ज्यूलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मोजली जाणारी.

लेखाचा विषय एकच आहे. गॅमा किरणांचा फोटॉन, म्हणजे त्या किरणांचा एक कण, नाहीसा होऊन त्याच्या जागी एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन निर्माण होतात, या घटनेला युग्मनिर्मिती किंवा कॉलेजच्या भाषेत पेअर प्रॉडक्शन म्हणतात. त्या फोटॉनची ऊर्जा आणि तरंगलांबी कशी काढायची, हे येथे पहिल्यापासून पाहू. घातांक दाखवण्यासाठी मी ^ हे चिन्ह वापरले आहे. १०^−१२ म्हणजे दहाचा उणे बारावा घात.

घटना नेमकी काय आहे

पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनचा प्रतिकण आहे. त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकेच असते आणि विद्युतभार तेवढाच पण धन असतो. डिरॅक यांनी १९२८ साली मांडलेल्या समीकरणातून अशा कणाची शक्यता पुढे आली, आणि १९३२ साली कार्ल अँडरसन यांना वैश्विक किरणांचा अभ्यास करताना मेघकोष्ठातील (कणांचे माग दाखवणाऱ्या क्लाउड चेंबरमधील) एका छायाचित्रात त्याचा माग सापडला. कोष्ठाच्या मध्यभागी ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा होता. पत्रा ओलांडल्यावर कणाची ऊर्जा कमी झाल्याने त्याचा माग चुंबकीय क्षेत्रात अधिक वळलेला दिसत होता, त्यावरून कण कोणत्या दिशेने गेला हे कळले, आणि वळण्याच्या बाजूवरून त्याचा भार धन असल्याचे कळले. पुढच्याच वर्षी ब्लॅकेट आणि ओकिआलिनी यांनी केंब्रिजमध्ये असे कण जोडीने निर्माण होत असल्याचे दाखवले. एका जोडीतून नवे फोटॉन, त्या फोटॉनांतून नव्या जोड्या, असा वातावरणात पसरत जाणारा वर्षाव कसा घडतो याचा सिद्धांत १९३७ साली होमी भाभा आणि हाइटलर यांनी मांडला. हेच भाभा पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. इतिहास एवढा पुरे.

हिशेबासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत. फोटॉनला विद्युतभार नसतो, म्हणून निर्माण होणाऱ्या कणांचा एकूण भारही शून्यच हवा. एकटा इलेक्ट्रॉन कधीच निर्माण होणार नाही, तो पॉझिट्रॉनसोबतच येईल. आधीची एकूण ऊर्जा आणि नंतरची एकूण ऊर्जा सारखी हवी. आणि आधीचा एकूण संवेग (मोमेंटम) व नंतरचा एकूण संवेगही सारखा हवा. पहिल्या दोन गोष्टींवर सगळी उदाहरणे सुटतात. तिसरी गोष्ट परीक्षेत दोन गुणांचा ‘कारण द्या’ म्हणून येते, पण खरे भौतिकशास्त्र तिच्यातच आहे, म्हणून तिच्यासाठी मी पुढे सविस्तर जागा ठेवली आहे.

पहिली पायरी: एकके आधी ठरवा

उदाहरण हातात आल्याबरोबर मुले ज्यूल, मीटर, किलोग्रॅम यांत आकडे भरू लागतात, आणि उणे चौतीस, उणे एकतीस असे घातांक सांभाळताना एखादा घातांक निसटतो. या विषयाला शोभणारी एकके वेगळी आहेत. ऊर्जेसाठी दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट घ्यावे, ज्याला आपण सोयीसाठी एमईव्ही म्हणू, आणि तरंगलांबीसाठी फेम्टोमीटर घ्यावा, म्हणजे मीटरचा १०^−१५ वा भाग. एक एमईव्ही म्हणजे १.६०२ × १०^−१३ ज्यूल.

तरीही एकदा, फक्त एकदाच, संपूर्ण हिशेब ज्यूलमध्ये करून पाहावा, म्हणजे पुढे वापरायचे आकडे कुठून आले हे मनात पक्के बसते. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ९.१०९ × १०^−३१ किलोग्रॅम. प्रकाशाचा वेग सेकंदाला २.९९८ × १०^८ मीटर, त्याचा वर्ग ८.९८८ × १०^१६. वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग या आइन्स्टाइनच्या संबंधाने इलेक्ट्रॉनची विराम ऊर्जा, म्हणजे तो स्थिर असतानाही त्याच्या ठायी असणारी ऊर्जा, ८.१८७ × १०^−१४ ज्यूल येते. हिला १.६०२ × १०^−१३ ने भागले की ०.५११ एमईव्ही मिळतात. हा आकडा पाठ करावा. पॉझिट्रॉनचे वस्तुमान तितकेच, म्हणून त्याचेही ०.५११.

दुसरी पायरी: ठरलेली किंमत आधी बाजूला काढा

दोन्ही कणांच्या विराम ऊर्जेची बेरीज १.०२२ एमईव्ही. फोटॉनजवळ किमान एवढी ऊर्जा हवीच, त्याहून कमी असेल तर जोडी निर्माण होणार नाही. हिलाच उंबरठा ऊर्जा म्हणतात. हा उंबरठा म्हणजे कमी ऊर्जा असली की जोड्या कमी होतील असा उतार नव्हे, तर त्याखाली घटना मुळीच घडत नाही अशी सीमारेषा आहे. सीझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्यातून ०.६६२ एमईव्हीचे गॅमा फोटॉन निघतात. त्यांच्या दोन फोटॉनांची बेरीज १.३२४ होते खरी, पण शिशाच्या पत्र्यात शिरणारा प्रत्येक फोटॉन आपापला स्वतंत्र हिशेब देतो. शेजारच्याची ऊर्जा त्याच्या कामी येत नाही. त्यामुळे सीझियमचा स्रोत कितीही तीव्र असला तरी त्याच्या गॅमा किरणांतून एकही जोडी निर्माण होणार नाही.

फोटॉनची ऊर्जा १.०२२ पेक्षा जास्त असेल तर उरलेली ऊर्जा दोन कणांची गतिज ऊर्जा होते. खानापूरहून बेळगावला दोघांनी यायचे तर दोन तिकिटांचे पैसे ठरलेलेच असतात, त्यांत घासाघीस नाही. तिकिटे काढून उरलेले पैसे मात्र दोघांत कसेही वाटले जाऊ शकतात. कणांचेही तसेच आहे. उदाहरणात ‘दोघांना समान गतिज ऊर्जा मिळाली’ असे लिहिले असेल तरच निम्मे-निम्मे करावे. लिहिले नसेल तर फक्त बेरीज सांगता येते, वाटणी सांगता येत नाही. प्रत्यक्षात वाटणी प्रत्येक घटनेत वेगळी असते, आणि जवळच्या अणूचे धनभारित केंद्रक पॉझिट्रॉनला दूर लोटते व इलेक्ट्रॉनला ओढते, म्हणून सरासरीने पॉझिट्रॉनला किंचित जास्त मिळते.

म्हणजे संपूर्ण विषयाचे मुख्य समीकरण असे:

फोटॉनची ऊर्जा = १.०२२ + इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा + पॉझिट्रॉनची गतिज ऊर्जा, सर्व एमईव्हीमध्ये.

तिसरी पायरी: ऊर्जेवरून तरंगलांबी

फोटॉनची ऊर्जा म्हणजे प्लँकचा स्थिरांक गुणिले वारंवारता, आणि वारंवारता म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले तरंगलांबी. या दोहोंतून मिळते की ऊर्जा आणि तरंगलांबी यांचा गुणाकार कायम असतो, आणि तो प्लँकचा स्थिरांक व प्रकाशवेग यांच्या गुणाकाराइतका, म्हणजे १.९८६ × १०^−२५ ज्यूल-मीटर असतो. हाच आकडा आपल्या सोयीच्या एककांत लिहिला की तो १२३९.८ एमईव्ही-फेम्टोमीटर होतो. हातहिशेबाला १२४० घेतले तरी चूक दहा हजारांत सव्वा-दीड भागांहून मोठी होत नाही.

तरंगलांबी (फेम्टोमीटर) = १२४० ÷ ऊर्जा (एमईव्ही).

बारावीच्या प्रकाशविद्युत परिणामाच्या धड्यात हेच १२४० इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि नॅनोमीटर या एककांत भेटते. तिथला आणि इथला आकडा एकच असण्याचे कारण सरळ आहे: इलेक्ट्रॉनव्होल्टवरून एमईव्हीवर जाताना ऊर्जेचे एकक दहा लाख पटीने मोठे झाले आणि नॅनोमीटरवरून फेम्टोमीटरवर येताना लांबीचे एकक दहा लाख पटीने लहान झाले, त्यामुळे गुणाकार होता तसाच राहिला. एकच आकडा दोन धड्यांना पुरतो हे मुलांना कळले की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण खरोखरच कमी होतो.

आता उंबरठ्यावरच्या फोटॉनची तरंगलांबी काढू. सीईटी या प्रवेशपरीक्षेला गणकयंत्र नेता येत नाही, म्हणून भागाकार हातानेच करावा. १.०२२ ला १२०० ने गुणले तर १२२६.४ होतात, १२४० मधून ते वजा केले की १३.६ उरतात, १३.६ ला १.०२२ ने भागले की सुमारे १३.३ येतात. म्हणजे तरंगलांबी १२१३.३ फेम्टोमीटर, १२३९.८ घेऊन काटेकोर भागाकार केला तर १२१३ फेम्टोमीटर, म्हणजेच १.२१३ × १०^−१२ मीटर. ज्यूलच्या मार्गाने पडताळा हवा असेल तर १.६३७ × १०^−१३ ज्यूलला ६.६२६ × १०^−३४ ने भागावे, वारंवारता २.४७ × १०^२० हर्ट्झ येते, आणि प्रकाशवेगाला तिने भागले की पुन्हा १.२१ × १०^−१२ मीटर.

हा आकडा किती लहान, याची कल्पना करून पाहण्यासारखी आहे. हायड्रोजन अणूचा व्यास सुमारे १०६ पिकोमीटर, आपली तरंगलांबी १.२१३ पिकोमीटर, म्हणजे अणूच्या सुमारे सत्त्याऐंशी पट लहान. दुसऱ्या बाजूला शिशाच्या केंद्रकाचा व्यास सुमारे १४ फेम्टोमीटर, म्हणजे तरंगलांबी त्याच्या पंच्याऐंशी पटींहून मोठी. अणू आणि केंद्रक यांच्या बरोबर मधल्या अंतरात बसणारी ही लांबी आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर घेतली तर त्याच्या फोटॉनची ऊर्जा अवघी २.२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते; उंबरठ्यावरच्या गॅमा फोटॉनची ऊर्जा त्याच्या साडेचार लाख पट आहे.

येथेच एक वळण आहे, आणि प्रश्न काढणारे नेमके तेच पकडतात. ऊर्जा आणि तरंगलांबी यांचे प्रमाण व्यस्त असल्यामुळे किमान ऊर्जा म्हणजे कमाल तरंगलांबी. ‘जोडी निर्माण करू शकणाऱ्या फोटॉनची जास्तीत जास्त तरंगलांबी काढा’ असे वाचून जास्तीत जास्त ऊर्जा शोधू नये. १२१३ फेम्टोमीटरहून लांब तरंगलांबीचा फोटॉन उंबरठ्याच्या अलीकडे राहतो, आखूड तरंगलांबीचा पलीकडे जातो.

एका वहीतले उत्तर

खानापूर तालुक्यातील एका गावाहून रोज सकाळच्या बसने कॉलेजला येणारी एक मुलगी माझ्याकडे संध्याकाळी थांबत असे. तिच्या वहीच्या डाव्या पानावर कॉलेजातले इंग्रजी टिपण असायचे आणि उजव्या पानावर तेच मराठीत, तिच्या शब्दांत. या उदाहरणात तिने उजव्या पानावर लिहिले होते: एका कणाची ऊर्जा ०.५११, म्हणून एकाची तरंगलांबी २४२६. दोन कण आहेत, म्हणून एकूण तरंगलांबी ४८५२ फेम्टोमीटर. प्रत्येक भागाकार अचूक, अक्षर सुरेख, उत्तराखाली दोन रेघा, आणि उत्तर योग्य उत्तराच्या बरोबर चौपट.

मला तिची चूक फार मोलाची वाटली, कारण तिच्यात विचार होता. लांबीची बेरीज करण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते. दोन दोर जोडले की लांबी वाढते. पण तरंगलांबी हा फोटॉनचा साठा नव्हे. साठा आहे ऊर्जेचा, आणि बेरीज फक्त ऊर्जेची करता येते. दोन कणांसाठी ऊर्जा दुप्पट झाली, म्हणून तरंगलांबी निम्मी व्हायला हवी होती: २४२६ ची १२१३. तिने निम्मी करण्याऐवजी दुप्पट केली, म्हणून उत्तर चौपट आले. तेव्हापासून मी सगळ्यांना एक नियम पाळायला लावतो: ऊर्जेच्या सगळ्या बेरजा-वजाबाक्या संपेपर्यंत तरंगलांबी हा शब्द वहीत लिहायचा नाही. १२४० ने करायचा भागाकार प्रत्येक उदाहरणात एकदाच येतो. प्रश्नात तरंगलांबी दिलेली असेल तर अगदी सुरुवातीला, विचारलेली असेल तर अगदी शेवटी.

केंद्रक कशासाठी हवे

फोटॉनजवळ पुरेशी ऊर्जा असली तरी तो रिकाम्या अवकाशात एकटाच जोडी निर्माण करू शकत नाही. जवळ अणूचे केंद्रक लागते. पुस्तके एका ओळीत ‘संवेग अक्षय्य राहावा म्हणून’ असे सांगून पुढे जातात. ती ओळ आकड्यांत उतरवून पाहू.

थोरियमच्या विघटनमालेत शेवटी शेवटी थॅलियम-२०८ तयार होते आणि त्यातून २.६१४ एमईव्हीचा गॅमा फोटॉन निघतो. थोरियम अल्प प्रमाणात बहुतेक सर्व माती-खडकांत असते, आपल्या जांभ्या दगडातही, त्यामुळे हा फोटॉन परका नाही. त्याची ऊर्जा २.६१४, वजा १.०२२, उरली १.५९२, समान वाटणी धरली तर प्रत्येकाची गतिज ऊर्जा ०.७९६ आणि एकूण ऊर्जा १.३०७ एमईव्ही.

फोटॉनचा संवेग म्हणजे त्याची ऊर्जा भागिले प्रकाशवेग. ‘एमईव्ही भागिले प्रकाशवेग’ हेच संवेगाचे एकक धरले तर तो २.६१४ आहे. वस्तुमान असलेल्या कणाचा संवेग मात्र एकूण ऊर्जेच्या वर्गातून विराम ऊर्जेचा वर्ग वजा करून वर्गमूळ घेतल्यावर मिळतो. १.३०७ चा वर्ग १.७०८, त्यातून ०.५११ चा वर्ग ०.२६१ वजा, उरले १.४४७, त्याचे वर्गमूळ १.२०३. दोन्ही कण अगदी सरळ पुढे, फोटॉनच्याच दिशेने गेले असे धरले तरी दोघांचा मिळून संवेग २.४०६ होतो. फोटॉनने आणलेला होता २.६१४. म्हणजे ०.२०८ एवढा संवेग हिशेबात कमी पडतो. कण तिरपे गेले तर पुढच्या दिशेचा संवेग आणखी घटेल, म्हणून तफावत वाढेल. वाटणी असमान केली तरी ती कधीच शून्य होणार नाही, कारण वस्तुमान असलेल्या कणाचा संवेग त्याच्या ऊर्जेच्या मानाने नेहमीच फोटॉनपेक्षा कमी भरतो. हा उरलेला संवेग घ्यायला कोणीतरी हवे, आणि ते काम केंद्रक करते.

मग लगेच शंका येते, आणि चांगला विद्यार्थी ती विचारतोच: केंद्रकाने संवेग घेतला तर ऊर्जाही घेतली असेल, ती आपण मुख्य समीकरणात का धरली नाही? शिशाच्या केंद्रकाची विराम ऊर्जा सुमारे १,९३,७०० एमईव्ही. गतिज ऊर्जा म्हणजे संवेगाचा वर्ग भागिले वस्तुमानाची दुप्पट, ०.२०८ चा वर्ग ०.०४३३, त्याला ३,८७,४०० ने भागले की १.१ × १०^−७ एमईव्ही, म्हणजे जेमतेम ०.११ इलेक्ट्रॉनव्होल्ट. सव्वीस लाखांच्या व्यवहारात दहा-अकरा पैसे. बेळगावच्या किल्ल्याच्या तटावर रबरी चेंडू मारला तर चेंडू जवळजवळ त्याच वेगाने परत येतो. तटाने चेंडूच्या संवेगाच्या जवळजवळ दुप्पट संवेग घेतला, पण ऊर्जा म्हणण्यासारखी घेतली नाही, कारण तट प्रचंड जड आहे. केंद्रक हा आपला तट आहे.

याच तर्काने पुढची गोष्टही कळते. तट हलका असेल तर त्याला ऊर्जेचा वाटा द्यावा लागेल. केंद्रकाऐवजी एखाद्या इलेक्ट्रॉननेच तो संवेग घ्यायचा असेल तर उंबरठा १.०२२ वरून थेट दुप्पट, २.०४४ एमईव्ही होतो, आणि कमाल तरंगलांबी सुमारे ६०७ फेम्टोमीटरवर येते. हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड असल्यामुळे तिथेही उंबरठा फक्त १.०२२६ च्या आसपास जातो. उदाहरणात काहीच सांगितले नसेल तर जड केंद्रक गृहीत धरून १.०२२ च वापरावे.

गतिज ऊर्जा दिलेली असेल तेव्हा

हा सर्वांत सोपा प्रकार आहे. समजा, इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा १.२० आणि पॉझिट्रॉनची ०.८५ एमईव्ही दिली आहे. बेरीज २.०५, त्यात १.०२२ मिळवले की फोटॉनची ऊर्जा ३.०७२ एमईव्ही. १२४० भागिले ३.०७२ म्हणजे ४०३.६ फेम्टोमीटर. उत्तर लिहिण्यापूर्वी एक नजर टाकावी: ते १२१३ पेक्षा लहान आहे का? जोडी निर्माण झाली असे प्रश्नच सांगत असताना तरंगलांबी १२१३ पेक्षा मोठी आली तर कुठेतरी चूक झाली आहे, हे तपासायला अर्धा मिनिटही लागत नाही.

वेग दिलेला असेल तेव्हा

येथे मात्र सावध राहावे. शाळेपासून पाठ असलेले ‘अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग’ हे सूत्र या कणांना चालत नाही, कारण त्यांचा वेग प्रकाशवेगाच्या जवळपास असतो. प्रत्येक कणाचा वेग प्रकाशवेगाच्या ०.६ पट आहे असे समजा. जुन्या सूत्राने गतिज ऊर्जा ०.०९२ एमईव्ही येईल. योग्य रीत अशी: १ मधून ०.६ चा वर्ग ०.३६ वजा करा, ०.६४; त्याचे वर्गमूळ ०.८, विराम ऊर्जेला ०.८ ने भागा, कणाची एकूण ऊर्जा ०.६३९ एमईव्ही. म्हणजे गतिज ऊर्जा खरी ०.१२८ आहे, आणि जुने सूत्र तिच्यातील चौथ्या भागाहून अधिक गमावून बसले होते.

दोन्ही कणांचा वेग सारखा असेल तर यातून एक सुंदर मार्ग निघतो. एकूण ऊर्जा १.०२२ भागिले ०.८ झाली, म्हणून तरंगलांबी १२१३ गुणिले ०.८, म्हणजे ९७० फेम्टोमीटर. वेग ०.८ पट असता तर वर्गमूळ ०.६ आले असते आणि तरंगलांबी ७२८ फेम्टोमीटर. तीन-चार-पाचच्या काटकोन त्रिकोणातले हे आकडे परीक्षक मुद्दाम निवडतात, म्हणून ते ओळखीचे ठेवावेत. वेग वेगवेगळे असतील तर हा जवळचा मार्ग बंद होतो. प्रत्येकाची एकूण ऊर्जा वेगळी काढून बेरीज करावी. अशा वेळी १.०२२ पुन्हा मिळवू नये, कारण एकूण ऊर्जेत विराम ऊर्जा आलेलीच असते.

तरंगलांबी दिलेली असेल तेव्हा

भागाकार उलटा करावा: १२४० भागिले तरंगलांबी म्हणजे ऊर्जा. उदाहरणार्थ, थॅलियमच्या त्याच फोटॉनची तरंगलांबी ४७४.४ फेम्टोमीटर दिली तर ऊर्जा २.६१४ येते आणि त्यातून १.०२२ वजा केल्यावर १.५९२ उरते. हा १.५९२ वहीतला कोरडा आकडा नाही. जर्मेनियमच्या डिटेक्टरने थोरियमचे गॅमा वर्णपट घेतले तर २.६१४ च्या मुख्य शिखराखेरीज नेमके १.५९२ वर एक लहान शिखर दिसते. डिटेक्टरच्या आत जोडी निर्माण होते, दोन्ही कण आपली गतिज ऊर्जा तिथेच देऊन थांबतात, पॉझिट्रॉनला एखादा इलेक्ट्रॉन भेटतो, दोघे नाहीसे होऊन ०.५११ एमईव्हीचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना निघतात, आणि ते दोन्ही बाहेर निसटले तर डिटेक्टरमध्ये १.५९२ एवढीच ऊर्जा उरते. दोहोंपैकी एकच निसटला तर शिखर २.१०३ वर येते. आपण कागदावर वजा केलेले १.०२२ यंत्राच्या पडद्यावर असे जागेवर दिसते, हे मी पहिल्यांदा आलेखात पाहिले तेव्हा बराच वेळ त्यावरून नजर हलली नव्हती.

या नाहीसे होण्याच्या क्रियेला विलोपन म्हणतात आणि तिचे आकडे युग्मनिर्मितीच्या आकड्यांत मिसळण्याची भीती असते. विलोपनातील प्रत्येक फोटॉन ०.५११ एमईव्हीचा, तरंगलांबी २४२६ फेम्टोमीटर. दवाखान्यातल्या पेट स्कॅन या तपासणीत हेच फोटॉन टिपले जातात. युग्मनिर्मितीच्या उंबरठ्यावरचा एकच फोटॉन १.०२२ चा, तरंगलांबी १२१३.

ऊर्जा पुरेशी असणे आणि घटना वारंवार घडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही नोंदवून ठेवतो. कोबाल्ट-६० च्या १.३३२ एमईव्ही फोटॉनला जोडी निर्माण करण्याची परवानगी आहे, पण प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा कॉम्प्टन विकिरणाच्याच मार्गाने जातो, म्हणजे इलेक्ट्रॉनवर आदळून थोडी ऊर्जा देतो आणि दिशा बदलतो. शिशात युग्मनिर्मिती इतर क्रियांच्या पुढे जाते ती सुमारे ५ एमईव्हीच्या वर. तसेच कर्करोगाच्या उपचारातील ६ मेगाव्होल्टच्या यंत्रातून निघणारा प्रत्येक फोटॉन ६ एमईव्हीचा नसतो. ६ ही कमाल मर्यादा असते, आणि त्या कमाल फोटॉनची तरंगलांबी २०६.७ फेम्टोमीटर.

सरावासाठी तीन

पहिले: कैगा येथील अणुभट्ट्या जडपाण्याच्या आहेत, आणि अशा भट्टीत पाण्यातील ऑक्सिजनवर न्यूट्रॉन आदळून तयार होणारे नायट्रोजन-१६ ६.१३ एमईव्हीचे फोटॉन देते. त्याची तरंगलांबी आणि जोडीची एकूण गतिज ऊर्जा काढा. उत्तरे: २०२.३ फेम्टोमीटर आणि ५.१०८ एमईव्ही.

दुसरे: १५०० फेम्टोमीटर तरंगलांबीचा फोटॉन शिशाच्या पत्र्यात जोडी निर्माण करील का? ऊर्जा ०.८२७ एमईव्ही, उंबरठ्याखाली, नाही.

तिसरे थोडे लांब आहे, ते कागद घेऊनच सोडवावे. ५०० फेम्टोमीटर तरंगलांबीच्या फोटॉनपासून जोडी निर्माण झाली आणि दोघांना समान ऊर्जा मिळाली. प्रत्येकाचा वेग किती? ऊर्जा १२४० भागिले ५००, म्हणजे २.४८ एमईव्ही. प्रत्येक कणाची एकूण ऊर्जा १.२४, त्यातील गतिज ०.७२९. विराम ऊर्जा ०.५११ ला १.२४ ने भागा, ०.४१२, त्याचा वर्ग ०.१७०, तो १ मधून वजा करा, ०.८३०, वर्गमूळ ०.९११. प्रत्येक कण प्रकाशवेगाच्या ०.९११ पट वेगाने निघाला.